आमच्यानंतर त्याचे कोण? दिव्यांग बंधुभगिनींसाठी आधारसेवा

धर्मग्रामातील घरभेटींच्या वेळी धर्मगुरूंच्या कानी अनेक प्रश्न येतात. कोणाला मुलाच्या नोकरीची चिंता असते, कोणाला आजारपणाची, तर कोणाला भाऊबंदकीची. परंतु एक प्रश्न असा आहे की, तो बहुधा निरोप घेताना, दाराशी उभे राहून, हलक्या आवाजात विचारला जातो : "फादर, आम्ही आहोत तोवर ठीक आहे. आमच्यानंतर ह्याचे कोण?" विचारणारे आईवडील साठीच्या पुढचे असतात आणि ज्याच्याविषयी ते विचारतात तो त्यांचा दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आतल्या खोलीत असते.

'देव काळजी घेईल' एवढे उत्तर ह्या प्रश्नाला पुरेसे नाही. देव काळजी घेतो ती माणसांच्या हातून, असे आपली श्रद्धाच सांगते. म्हणून दिव्यांग व्यक्तींसाठी कोणत्या आधारसेवा उपलब्ध आहेत, त्यांमागचा विचार काय आहे आणि धर्मग्राम म्हणून आपण काय करू शकतो, ह्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

एका घरभेटीत मिळालेला धडा

प्रारंभी एक कबुली देणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरभेटीत आमची तिशीतील एका तरुणाशी गाठ पडली. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात होता. आम्ही त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मग त्याच्या आईलाच विचारू लागलो : ह्याचे नाव काय? हा जेवतो का? ह्याला समजते का? तेव्हा त्याची धाकटी बहीण म्हणाली, "फादर, त्यालाच विचारा ना. वेळ लागेल, पण तो सांगेल."

आम्ही ओशाळलो आणि त्याला विचारले. एकेक शब्द उच्चारण्यास त्याला बराच वेळ लागला. तो एवढेच म्हणाला : "मिस्साला. पुढे बसायचंय." त्याच्या आईलाही हे ठाऊक नव्हते, कारण तिनेही त्याला कधी विचारले नव्हते. मंदिराच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. त्या तीन पायऱ्यांमुळे तो कित्येक वर्षे मिस्साला आला नव्हता आणि त्याची अनुपस्थिती आमच्या कधी लक्षातही आली नव्हती.

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तिमयाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. लोक त्याला गप्प बसवत होते. येशूने मात्र त्याला जवळ बोलावले आणि आपण त्याच्यासाठी काय करावे अशी त्याची इच्छा आहे, हे विचारले (मार्क १०:४६-५२). आंधळ्याला काय हवे असणार हे उघड होते. तरीही प्रभूने गृहीत धरले नाही, त्याने विचारले. आधारसेवांचा सारा आधुनिक विचार ह्या एका कृतीत सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते.

स्वावलंबन म्हणजे काय?

आपल्याकडे स्वावलंबन म्हणजे कोणाच्याही मदतीवाचून सारे काही स्वतः करणे, असा अर्थ घेतला जातो. हा अर्थ लावला तर ज्याला स्वतःच्या हाताने घासही घेता येत नाही, त्याच्यासाठी स्वावलंबनाचे दारच बंद होते. परंतु गेल्या साठ वर्षांत जगभरच्या दिव्यांग व्यक्तींनी ह्या शब्दाला वेगळा अर्थ मिळवून दिला आहे. मदत घ्यावी लागली तरी आपले जीवन कसे जगायचे, कोठे राहायचे, केव्हा उठायचे, कोणाला भेटायचे हे स्वतः ठरवता येणे म्हणजे स्वावलंबन.

अमेरिकेतील एड रॉबर्ट्स ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात नेहमी दिले जाते. चौदाव्या वर्षी पोलिओ होऊन ते मानेखाली लुळे झाले. रात्री श्वास घेण्यासाठी त्यांना एका अवजड लोखंडी श्वसनयंत्रात झोपावे लागे. १९६२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. वसतिगृहात त्यांचे यंत्र मावेना, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातील एका कक्षात त्यांची राहण्याची सोय करण्यात आली. अंघोळ घालणे, कपडे चढवणे, खुर्ची ढकलणे ह्यांसाठी मदतनीस होते, पण कोणाला नेमायचे आणि दिवस कसा घालवायचा हे ते स्वतः ठरवीत. १९७२ साली बर्कली येथे दिव्यांगांनीच चालवलेले स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. ज्या राज्य पुनर्वसन खात्याने 'हा कधीच काम करू शकणार नाही' असे म्हणून त्यांना साहाय्य देण्यास आधी नकार दिला होता, त्याच खात्याचे ते पुढे प्रमुख झाले.

त्याच १९७२ साली आपल्या मुंबईत डॉ. मिठू अलूर ह्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. त्यांची कन्या मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी आहे आणि अशा मुलांना त्या काळी सर्वसाधारण शाळांत जागा नव्हती. मालिनी पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये उच्च शिक्षण घेऊन परतल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिले. विजेवर चालणारी खुर्ची, चढता येईल अशी बस आणि योग्य मदतनीस मिळाला, तेव्हा तेच शरीर घेऊन त्या अधिक स्वतंत्र झाल्या. अडसर केवळ शरीरात नसतो, पायऱ्यांमध्ये आणि लोकांच्या समजुतींमध्येही असतो, हे त्यांच्या जीवनावरून कळते.

त्याच सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ सालापासून दृष्टिहीनांसाठी एक साधनकेंद्र कार्यरत आहे. संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, पुस्तकांचे ध्वनिरूप, परीक्षेसाठी लेखनिक अशा सोयींपासून त्याचे काम सुरू झाले. २०१२ साली भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन दृष्टिहीनांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तके रूपांतरित करण्याची मुभा मिळाली. त्यासाठी झालेल्या प्रयत्नांत ह्या केंद्राचाही सहभाग होता. येशूसंघीयांच्या संस्थेतील हे कार्य आपल्याला अभिमानास्पद आहे.

कायदा काय सांगतो?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. त्या वेळी मोजणीत थोडेच प्रकार धरले होते. २०१६ साली संसदेने संमत केलेल्या आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मान्य केले आहेत. अंधत्व, श्रवणदोष, अस्थिव्यंग ह्यांच्याबरोबर स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, पार्किन्सन, थॅलेसेमिया, सिकल सेल आणि आम्लहल्ल्याचे बळी ह्यांचाही त्यांत समावेश आहे. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक आहे, त्यांना सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के राखीव जागा आहेत. अशा मुलांना वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे.

ह्या कायद्याचे पाचवे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, तिला एखाद्या ठरावीक निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती करता येणार नाही आणि घरपोच साहाय्य, निवासी सेवा व मदतनीस ह्यांसारख्या सेवा तिला मिळाव्यात, असे त्यात म्हटले आहे. भारताने २००७ साली मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही हेच तत्त्व आहे. कायद्यात आहे ते सारे प्रत्यक्षात मिळतेच असे नाही. विशेषतः घरी येणारा प्रशिक्षित मदतनीस ही सेवा आपल्याकडे अजून फार थोड्यांच्या वाट्याला येते. परंतु हक्क म्हणून मागणे आणि उपकार म्हणून मागणे ह्यांत अंतर आहे.

आईवडिलांनी कोणती पावले उचलावीत?

पहिले पाऊल : प्रमाणपत्र. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र ह्यांसाठी केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रे ह्याच पद्धतीने दिली जातात. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. अनेक पालक 'लोकांना कळेल', 'बहिणीचे लग्न जमणार नाही' ह्या भीतीने प्रमाणपत्र काढतच नाहीत. त्याविना पुढचे जवळजवळ प्रत्येक दार बंद राहते, हे ध्यानी घ्यावे.

दुसरे पाऊल : आरोग्यविमा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता ह्या चार प्रकारांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आहे. त्याच्या 'निरामय' योजनेत अल्प शुल्कात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळते. वयाची अट नाही आणि विमा देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीही होत नाही. औषधे, बाह्यरुग्ण उपचार आणि नियमित थेरपी ह्यांचा खर्चही त्यात धरला जातो.

तिसरे पाऊल : पालकत्व. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान ठरते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. वरील चार प्रकारांतील व्यक्तीसाठी गरज असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. ह्या समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते. त्याने दुर्लक्ष, छळ किंवा अपहार केल्यास त्याला दूर करता येते. इतर प्रकारांत २०१६ च्या कायद्याने 'मर्यादित पालकत्व' सांगितले आहे. त्यात पालक परस्पर निर्णय घेत नाही, तर दिव्यांग व्यक्तीबरोबर बसून, तिचे मत जाणून निर्णय घेतो.

चौथे पाऊल : मालमत्ता आणि उत्पन्न. हा विषय नाजूक आहे, पण बोलणे भाग आहे. आपल्या भागात वाड्यांची वाटणी होते, सातबाऱ्यावर नावे चढतात आणि दिव्यांग भावाचा किंवा बहिणीचा हिस्सा 'त्याला काय करायचेय' म्हणून इतरांत वाटला जातो. हा अन्याय आहे. आईवडिलांनी हयातीतच मृत्युपत्र करावे आणि ते करताना वकिलाचा सल्ला घ्यावा. रेल्वेत अथवा केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : स्वतः उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला नियमांनुसार आजीव कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकते. त्याचे नाव कार्यालयाच्या नोंदीत वेळेवर घालणे हितकारक ठरते. गरजू कुटुंबांसाठी राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो.

पाचवे पाऊल : दिवसाचे काम आणि निवास. शाळा संपल्यावर अनेक दिव्यांग तरुणांचा दिवस रिकामा होतो. कार्यशाळा, दिवसभराची केंद्रे आणि नोकरीच्या जागी काही काळ सोबत राहून काम शिकवणारे प्रशिक्षक हा त्यावरचा उपाय आहे. निवासासाठी राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' व 'घरौंदा' ह्या नावांच्या योजना आहेत. शक्य असेल तेथे आईवडील हयात असतानाच, आधी काही दिवस, मग काही आठवडे अशी सवय लावावी. आई गेल्याच्या दुःखात त्याच दिवशी घरही सुटणे, हा आघात मोठा असतो.

महाराष्ट्राने २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला आहे. ग्रामपंचायती आणि महापालिका ह्यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा नियम आहे. हा निधी कसा खर्च होतो, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे.

ख्रिस्तसभेचा वारसा

अकराव्या शतकात जर्मनीतील रायकेनाऊ येथील मठात हर्मन नावाचे एक व्रतस्थ होऊन गेले. त्यांना चालता येत नसे, बोलणेही कष्टाचे होते. सहकारी त्यांना खुर्चीतून नेत-आणत. त्या आधारावर त्यांनी गणित, खगोलशास्त्र, संगीत आणि इतिहास ह्यांवर लेखन केले. रोझरीच्या अखेरीस पवित्र मरियेला राणी म्हणून जी प्रार्थना आपण करतो, ती परंपरेने त्यांच्या नावे सांगितली जाते. १८६३ साली परमगुरूंनी त्यांच्या धन्यवादितपदास मान्यता दिली. खुर्ची उचलणाऱ्या व्रतस्थांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांनी दिली ती आधारसेवाच होती.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बिशप लिओ म्युरिन ह्यांच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. ती भारतातील पहिल्या अशा शाळांपैकी एक होय. २ मे २०२४ रोजी केरळमधील त्रिशूर येथे होली क्रॉस संघाचे जोसेफ थेर्मडम ह्यांना गुरुदीक्षा मिळाली. ते भारतातील पहिले कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू होत. ते सांकेतिक भाषेत मिस्सा अर्पण करतात. ज्यांच्यासाठी आपण सेवा करतो असे आपल्याला वाटत असते, तेच आपली आध्यात्मिक सेवा करू शकतात, हे त्यावरून स्पष्ट होते.

साक्रामेंतांविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला 'त्याला काय कळणार' म्हणून ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवले जाते. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००७ सालच्या 'साक्रामेंतुम कारितातिस' ह्या प्रबोधनपत्रात सांगितले आहे की, बाप्तिस्मा व दृढीकरण झालेल्या अशा व्यक्तींना शक्य तेथे ख्रिस्तप्रसाद नाकारू नये, कारण त्यांना साथ देणाऱ्या कुटुंबाच्या व समाजाच्या श्रद्धेतही ते तो स्वीकारत असतात. पालकांनी ह्याविषयी आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे.

एक सावधगिरीची सूचना

सेवा करणाऱ्याच्या हाती सत्ता येते, हे विसरता कामा नये. १९६४ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली 'लार्श' ही चळवळ बौद्धिक अक्षमता असलेल्यांबरोबर एकत्र घर करून राहते. भारतात तिची घरे 'आशा निकेतन' म्हणून ओळखली जातात, त्यांतील पहिले १९७० साली बंगळूर येथे सुरू झाले. तिचे संस्थापक ज्याँ व्हानिए ह्यांच्या निधनानंतर, २०२० साली, त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे चौकशीत उघड झाले. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या, असे त्या चौकशीत आढळले. ही चौकशी लार्शनेच करवून घेतली आणि तिचे निष्कर्ष स्वतः जाहीर केले. ह्या घरांतील चांगले कार्य त्यामुळे खोटे ठरत नाही. मात्र कोणतीही संस्था, मग ती धार्मिक का असेना, देखरेखीच्या वर नाही. आपल्या मुलाला एखाद्या केंद्रात ठेवताना तेथे अचानक भेट देता येते का, तक्रार कोणाकडे करायची, त्याला एकांतात आपल्याशी बोलता येते का, हे जरूर विचारावे.

धर्मग्रामाने काय करावे?

कफर्णहूम येथे पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले आणि दारातून जाता येईना म्हणून छप्पर उघडले (मार्क २:१-१२). आपल्याला छप्पर उघडण्याची गरज नाही, पायऱ्यांशेजारी उतरण बांधली तरी पुष्कळ आहे. ती बांधताना एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी ठेवावी. त्याहून तीव्र चढणीवर चाकांची खुर्ची ढकलणे कठीण जाते. बाकांच्या रांगेत खुर्चीपुरती जागा मोकळी ठेवावी, आणि ती मागच्या कोपऱ्यात नसावी.

लघुख्रिस्ती समूहांनी आपल्या विभागातील दिव्यांग व्यक्तींची नोंद करून कोणाकडे प्रमाणपत्र नाही हे पाहावे. संगणक येणाऱ्या युवकांनी अर्ज भरून द्यावेत. सरकारी रुग्णालयात सोबत जाणारा एक माणूस मिळाला, तरी अनेकांचे काम होते. ज्या घरी आई एकटी सारे करते, तेथे महिन्यातून दोन दुपारी कोणी जाऊन बसले तर तिला बाजाराला, डॉक्टरकडे किंवा नुसते मैत्रिणीकडे जाता येईल. वाचन, प्रार्थना, गायकवृंद आणि पाळकीय मंडळ ह्यांत दिव्यांग व्यक्तींना स्थान द्यावे. आणि प्रत्येक वेळी, हात पुढे करण्याआधी, 'कशी मदत करू?' असे त्यांनाच विचारावे.

वर उल्लेखिलेल्या मंदिराच्या दाराशी आज उतरण आहे. तो तरुण रविवारी पुढच्या रांगेशेजारी आपल्या खुर्चीत बसतो. त्याच्या आईची चिंता पूर्णपणे मिटलेली नाही, पण त्याचे प्रमाणपत्र झाले आहे, बहिणीच्या नावे पालकत्वाचा अर्ज झाला आहे आणि मिस्सानंतर त्याच्याशी थांबून बोलणारी पाच-सहा माणसे आता आहेत. 'आमच्यानंतर त्याचे कोण?' ह्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने, थोडे थोडे करून, आईवडील हयात असतानाच तयार करावे लागते. आपल्या धर्मग्रामातही कोणीतरी आतल्या खोलीत असेल. येत्या रविवारपूर्वी त्या घरी एकदा जाऊन यावे, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे.